आमच्या भाऊजींचं मर्दपण

पुरुषानं पुरुष दिसावं म्हणून आमच्या भाऊजींनी जेवढे कष्ट उपसले तेवढे माजरीच्या कोळसा खाणीत कोणी उपसले नसतील, आणि भाऊजी त्याच खाणीत डंपर चालवायचे, म्हणजे ही तुलना मी उगाच हवेत केलेली नाही. डंपर त्यांनी आठ तास चालवला, मर्दपण चोवीस तास. झोपेतसुद्धा त्यांचा एक हात कमरेवर असतो असं ताई सांगायची. ताई म्हणजे माझी मोठी बहीण आणि त्यांची बायको. तिनं या एका माणसाबरोबर तीस वर्षं काढली, पण तिच्या हिशेबानं ते पाच-सहा नवरे होते, कारण सिनेमातला हिरो बदलला की आठ दिवसांत घरातला नवराही बदलायचा. कॉलनीतल्या बायकांना ती हसत हसत सांगायची की तुम्हाला एकाच नवऱ्याचा कंटाळा येत असेल, मला तशी सवड कधी मिळालीच नाही. थोडक्यात ताईची काही तक्रार नव्हती. तक्रार होती ती आमच्या आईची. जावई आपल्याशी कधी हसून बोलला नाही, एवढीच तिची तक्रार, पण ती तिनं तीस वर्षं जपली. आमच्याकडे सासू जावयापुढे डोक्यावर पदर घेते आणि थेट बोलणं बेतानंच होतं, हे खरं. पण सणासुदीला आलेला जावई उंबऱ्यातून ‘बरे आहा ना, आई’ एवढं तरी विचारतो, सासू पदराआड हसते आणि वरून दोन पुरणपोळ्या वाढते. आमच्या घरी पुरणपोळ्या वाढल्या जायच्या, पण जावई भिंतीकडे तोंड करून जेवायचे. ‘मी त्याले आवडत नाई’ हे वाक्य आई दर दिवाळीला, भांडी घासून झाली की म्हणायची आणि मग दोन दिवस गप्प राहायची.

ते ताईला पाहायला आले तो दिवस मला चांगला आठवतो. मी आठवीत होतो. आमचं गाव आरमोरीजवळ, भाऊजींचं वैनगंगेच्या पलीकडे. त्या काळी सिनेमातला हिरो रागावलेला असायचा. लहानपणी त्याच्यावर काहीतरी अन्याय झालेला असे, कोणीतरी बापाला मारलेलं असे, आणि पुढचे तीन तास तो त्या रागावर चालत असे. भाऊजींचे वडील ठणठणीत होते, त्या दिवशी सोबतच आले होते आणि आमच्या धानाचा भाव विचारत होते. अन्याय म्हणाल तर दहावीत दोनदा नापास होण्याचा, आणि तोही भाऊजींनी स्वतःच स्वतःवर केलेला. पण चेहऱ्यावर राग असा की पोह्यांची बशी मी लांबूनच पुढे सरकवली. शर्टाची वरची तीन बटणं उघडी, डावा हात खिशात, ओठांत आगकाडी. माझ्या बाबांनी नोकरीचं विचारलं तर घशाच्या तळातून एकच शब्द आला, ‘खदान.’ पगाराचं विचारलं तर ‘भेटते.’ तासाभरात ते एकदाही हसले नाहीत आणि त्यांनी मान वर केली नाही. दाराआडून पाहणाऱ्या आईनं निदान केलं की पोराची दाढ दुखत असणार, आणि चहाबरोबर माझ्या हाती लवंग पाठवली. भाऊजींनी लवंगेकडे पाहिलं, आगकाडी काढून खिशात ठेवली आणि लवंग चावून खाल्ली. ताईनं मात्र त्याच दिवशी होकार दिला. बाबांनी विचारलं, इतक्या रागीट माणसाला हो कसं म्हणतेस, तर ती म्हणाली होती की तो रागीट नाही, भ्यालेला आहे, त्याला नुसता घाम सुटला होता. तिच्या बोलण्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. आमच्या घरी तेव्हा पोरींच्या बोलण्याकडे लक्ष देण्याची पद्धत नव्हती.

लग्नानंतर पाच-सहा वर्षं तो राग टिकला. कॉलनीतल्या क्वार्टरचं दार ते हातानं उघडत नसत, लाथेनं उघडत. ताईनं सवयीनं आतून कडी लावलेली असली की सुताराला बोलावणं जाई, आठवड्यातून एकदा तरी. खुर्चीवर ते उलटे बसत, पाठीवर हनुवटी टेकून, त्यामुळे ताट कुठे ठेवायचं हा रोजचा प्रश्न असे. पण या सगळ्या रागात एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. हा माणूस ताईवर कधी ओरडला नाही. दाराला लाथ मारून आत आले की ते चप्पल काढून नीट रांगेत ठेवायचे, आणि तिचं डोकं दुखत असलं तर कणीक स्वतः मळायचे, दार लावून, पडदा ओढून. मी एकदा पडद्याआडून पाहिलं तर म्हणाले, “बाहेर सांगशीन तर याद राख.” मी सांगितलं नाही. आज सांगतो आहे.

मग हिरो प्रेमात पडला. राग गेला, बंदूक गेली, आणि हिरो स्वेटर खांद्यावर टाकून मोहरीच्या शेतात हात पसरायला लागला. आता चंद्रपूरचा उन्हाळा ज्यानं पाहिला आहे त्याला स्वेटरचं काय सांगायचं! मे महिन्यात आमच्याकडे गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला गेलं तर हात भाजतो. भाऊजींनी त्या मे महिन्यात पिवळा स्वेटर विकत घेतला, तोही नागपूरहून मागवून, आणि संध्याकाळी खाणीच्या रस्त्यावर मातीच्या ढिगाऱ्यापाशी उभं राहून ताईकडे हात पसरले. ताई भाजीची पिशवी घेऊन येत होती. ती म्हणाली, दोन्ही हात मोकळेच आहेत तर ही पिशवी धरा. त्यांनी धरली. तेव्हापासून भाजीची पिशवी त्यांच्याकडे आली ती कायमची, आणि कॉलनीतल्या पुरुषांनी सुरुवातीला केलेली थट्टा त्यांनी ‘आता जमाना प्रेमाचा आहे’ म्हणून परतवली. त्या दिवसांत ते सगळ्यांशी हसून बोलायचे. दूधवाल्याशी, वाण्याशी, माझ्या बाबांशीसुद्धा. आईला वाटलं आता आपला नंबर लागेल. त्या दिवाळीला तिनं अनारसे केले, नवं लुगडं नेसली, उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. भाऊजींनी स्वेटर तोंडावर ओढून घेतला आणि ते गोठ्यात बैल पाहायला निघून गेले.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा काळ मात्र सिनेमातून आला नाही, तो कॅसेटमधून आला. कॉलनीत एक बंगाली इलेक्ट्रिशियन होता, त्याच्याकडे लांब केसांच्या परदेशी गाणाऱ्यांच्या कॅसेटी होत्या. वेष्टनावर त्यांचे फोटो. कातड्याच्या पॅन्ट, खांद्याखाली उतरलेले केस, कानात डूल आणि डोळ्यांत काजळ. भाऊजी ते फोटो घेऊन तास तास बसायचे. मला बोलावून विचारलं, “हे मर्दच होय ना?” मी तेव्हा कॉलेजात होतो आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता. मी म्हटलं, मर्दच, आणि त्यांच्या मागे सगळं जग वेडं आहे. भाऊजींनी फोटो उजेडात धरून पुन्हा पाहिला. “काजळ घालून?” “काजळ घालून.” “अन् आवाज इतका वरचा?” मी म्हटलं, वरचा आहे म्हणून तर नाव आहे. त्या दिवसापासून त्यांनी केस वाढवायला घेतले. इंग्रजी एक अक्षर कळत नव्हतं, पण गाणी त्यांनी स्वरांनिशी पाठ केली, आणि त्या किंकाळीच्या वरच्या पट्टीला त्यांचा आवाज असा सहज जायचा की तो बंगालीही तोंडाला हात लावायचा. केस हेल्मेटात मावेनात, तेव्हा ते अंबाडा घालून ड्युटीवर जायला लागले. साहेबांनी हटकलं तर म्हणाले, सेफ्टी आहे. आणि काजळ! ताई आजही सांगते की तिची पूर्ण हयात गेली पण तिला तशी कड साधली नाही. आरशात न पाहता, करंगळीच्या एका फटकाऱ्यात. तिनं विचारलं कुठे शिकलात, तर म्हणाले, फोटो पाहून.

कॉलनीच्या वार्षिक कार्यक्रमात ते ऑर्केस्ट्राबरोबर गायले. काळं बनियन, मोकळे केस, डोळ्यांत काजळ. मी समोर बसलो होतो. दोन गाण्यांत त्यांनी मैदान डोक्यावर घेतलं, पोरं शिट्ट्या मारत होती, आणि भाऊजींचा चेहरा मी तसा मोकळा त्याआधी कधी पाहिला नव्हता. खाली उतरल्यावर कोणीतरी, काही वाईट हेतू नसताना, पाठीवर थाप मारून म्हणालं की वा, डोळे मिटले तर वाटावं बाईच गाऊन राह्यली. दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी न्हाव्याकडे जाऊन केस पार बारीक करून आले. कॅसेटी इलेक्ट्रिशियनला परत गेल्या. ताईनं काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाले उन्हाळा आला. जानेवारी चालू होता.

त्यानंतर हिरोनं शर्टच काढला आणि भाऊजींनीही काढला. रंगाच्या रिकाम्या डब्यांत सिमेंट भरून त्यांनी वजनं केली. रोज सकाळी सहा अंडी, आणि अंगणात उघड्या अंगानं दंडबैठका. ताईच्या बाळंतपणाला आई माजरीला आली होती ती नेमकी याच काळात. पहिल्याच सकाळी तुळशीला पाणी घालायला ती अंगणात आली आणि समोर तेल लावलेला जावई. आईनं पदर डोक्यावरून पार हनुवटीपर्यंत ओढला, जावयानं दोन्ही वजनं पायावर पाडली. नंतर महिनाभर दोघांनी अंगणाच्या वेळा वाटून घेतल्या होत्या, पण बोलणं काही झालं नाही. आणि अलीकडचा हिरो तर तुम्हाला ठाऊकच आहे. दाढी छातीपर्यंत, हातात कुऱ्हाड, दक्षिणेचा सिनेमा हिंदीत बोलणारा. तेलंगणाच्या सीमेवरच्या सिरोंचाकडचा एक सहकारी त्यांना सांगायचा की मूळ तेलुगूत हा हिरो याहून भयंकर बोलतो. भाऊजींनी दाढी वाढवली, काळा चष्मा घेतला आणि कुऱ्हाड आणली. ताईनं कुऱ्हाड पाहून परसात पडलेल्या लाकडांचा ढीग दाखवला. त्या हिवाळ्यात कॉलनीत सगळ्यात जास्त जळण आमच्या ताईकडे होतं. त्यांचा मुलगा, माझा भाचा, पुण्यात नोकरी करतो. तो एकदा फोनवर म्हणाला की बाबा, आता नवीन सिनेमात हिरो स्वयंपाकही करतो आणि रडतोही. भाऊजींनी फोन ताईकडे दिला. असल्या हिरोचं काय करायचं ते त्यांना ठरवता येईना.

आता आईबद्दल एक सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते आणि मंडईत भर दिवसा दंडार होते. ढोलकीवर नाच, गाणी, मध्ये कथा. दंडारीत बाईचं काम पुरुषच करतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं आणि आईलाही होतं. पण मी चार-पाच वर्षांचा असताना आईच्या माहेरी, आरमोरीच्याच बाजूला मामांच्या गावी, नदीपलीकडची एक दंडार आली होती. तिच्यातली राणी पाहून आईनं जाहीर केलं की ही खरीच बाई आहे, मंडळींनी गुपचूप आणलेली आहे. पुरुष असता तर चालण्यात कळलं असतं, लुगड्याचा असा ओचा पुरुषाला बांधता येणं शक्य नाही, आणि गळा तर पाहा. मामा हसले. आई हट्टाला पेटली, मला कडेवर घेऊन मांडवामागे गेली आणि तिनं त्या राणीला ब्लाउजपीस दिला, कुंकू लावलं, वर म्हणाली की माझ्या पोराला मोठेपणी तुझ्यासारखी बायको मिळो. राणी म्हणे पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत उभी होती, बोलली नाही. ही गोष्ट मी जन्मभर ऐकत आलो. माझं लग्न झाल्यावर माझ्या बायकोलाही ऐकावी लागली, कारण तिची ओढणी जरा घसरली की आईला ती राणी आठवायची.

बाबा गेल्यावर आई ताईकडे राहायला आली. जावयाच्या घरी राहायचं तिच्या जिवावर आलं होतं, पण गावात एकटीनं राहणं जमेना आणि चंद्रपूरला आमचं घर दिवसभर कुलपात, आम्ही दोघंही नोकरीवर. घरात माणसं तीन, त्यांतली दोन एकमेकांना टाळणारी. ती स्वयंपाकघरात असली की भाऊजी ओसरीवर, ती ओसरीवर आली की भाऊजी परसात कुऱ्हाड घेऊन. आई मला फोनवर म्हणायची, “त्याच्या घरचं अन्न खाऊन राह्यली मी, अन् त्याले माहं तोंड पाहू वाटत नाई. मले घेऊन जा.” मी दोनदा न्यायला गेलो, दोन्ही वेळा ताईनं नेऊ दिलं नाही. आणि मग त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर आई ओसरीच्या पायरीवरून घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

हाताचं तिला काही वाटलं नाही. तिला काळजी भाऊबीजेची. लग्न झाल्यापासून तिनं मामांची एक भाऊबीज चुकवली नव्हती, अवकाळी पुरात नावेतून गेली होती, ताई पोटात असताना बैलगाडीतून गेली होती. मामा आता ऐंशीला टेकलेले, पुढच्या वर्षाचं कोणी सांगावं. मी चंद्रपूरहून बायकोला घेऊन पहाटे गाडी घेऊन माजरीला पोचलो. तिथून मामांच्या गावापर्यंत चार तासांचा रस्ता होता. आणि तिथे लुगड्यानं घात केला. आई जन्मभर नऊवारी नेसलेली, कासोट्याचं. ताई पाचवारीवाली, तीही लग्नाकार्यात. माझी बायको तर ड्रेसवाली. दोघींनी प्रयत्न केला, मोबाईलवर पाहून केला, तिथली बाई भलत्याच पद्धतीचं नेसवत होती. तीन वेळा नेसवलं, तीन वेळा दोन पावलांत सुटलं. ताई म्हणाली, आई, आजच्या दिवस मॅक्सीवर चल, वरून शाल घे. आई पलंगावर बसली आणि लहान मुलासारखी रडायला लागली. “मॅक्सीवर भावाले ओवाळू? नाई येत मी. जा तुमी.” आम्ही सगळे हात टेकून उभे. मी घड्याळाकडे पाहत होतो.

भाऊजी ओसरीवर होते, दाढी, काळा चष्मा सगळं जागच्या जागी. खिडकीतून ते सगळं ऐकत होते. येरझाऱ्या घालत होते, थांबत होते, पुन्हा चालत होते. मला वाटलं त्यांना उशिराचा राग आला. मग ते आत आले. दाराला लाथ न मारता आले, हे मी नंतर आठवून सांगतो. चष्मा काढून त्यांनी टीव्हीवर ठेवला, ताईच्या हातातलं लुगडं घेतलं आणि म्हणाले, सरका. आईनं डाव्या हातानं पदर पुढे ओढायचा प्रयत्न केला, पण पदरच यांच्या हातात. तीस वर्षांत पहिल्यांदा ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि म्हणाले, “आई, उभ्या राहा. हात थोडा वर घ्या, दुखन तर सांगा.” आणि नेसवायला लागले. लुगड्याची घडी झटकली ती एकाच झटक्यात सरळ पडली. गाठ, निऱ्या, कासोटा, कुठे थांबणं नाही, कुठे चाचपडणं नाही. आमच्या तिघांची तोंडं उघडी ती उघडीच. दहा मिनिटांत आई नेहमीसारखी उभी होती, लुगडं चापून चोपून बसलेलं, आणि शेवटी त्यांनी पोटाशी ओचा खोचला आणि त्याची कड करंगळीनं एकदा सारखी केली.

आई खाली पाहत होती. ओच्याकडे पाहत होती. कितीतरी वेळ. मग तिनं पदर न घेता सरळ त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

“जवाईबापू,” ती म्हणाली, “दंडारीतली ती राणी...”

भाऊजी खालीच बसलेले. “मीच होय, आई.”

“तो ब्लाउजपीस?”

“आहे. पेटीत आहे.”

नंतर त्यांनी जे सांगितलं ते अडखळत, जमिनीकडे पाहत सांगितलं. सतराव्या वर्षी ते दंडारीत राणीचं काम करायचे आणि त्यांच्याइतकं चांगलं काम कोणी करत नसे. पण मंडई संपली की गावातली पोरं बसमध्ये, बाजारात, शाळेत त्यांना राणी म्हणूनच हाक मारायची, मागून कंबर धरायची. दहावी त्याच पायी गेली. म्हणून गाव सोडून ते खाणीत आले, जिथे कोणाला काही ठाऊक नव्हतं, आणि सिनेमात पाहून मर्द कसा असतो ते शिकायला लागले. ताईला पाहायला आले आणि दाराआड उभी असलेली बाई पाहिली, तर ती ब्लाउजपीसवाली. हिनं ओळखलं तर लग्न मोडेल म्हणून त्यांनी मान वर केली नाही. लग्न झाल्यावर वाटलं आता ओळखलं तर सगळीकडे बोभाटा होईल, खाणीत कळेल, पुढे पोराला कळेल. रोज वाटायचं आज सांगावं, आणि रोज तोंड फिरवायचे. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिलाही यातलं काही माहीत नव्हतं.

आई म्हणाली, “अन् मले वाटलं का मी तुमाले आवडत नाई. तीस वर्ष मी तेच धरून बसली ना, बाप्पा.”

“आवडता काऊन नाई?” भाऊजी म्हणाले. “भेत होतो ना मी तुमाले.”

आई आधी हसली, मग रडली, मग पुन्हा हसली, आणि डाव्या हातानं तिनं त्या दाढीवाल्या माणसाचं तोंड कुरवाळून कानशिलावर बोटं मोडली. गाडीत पुढची सीट भाऊजींची ठरलेली असायची. त्या दिवशी ते मागे आईशेजारी बसले आणि आरमोरी येईपर्यंत दोघं बोलत होते. मामांना ओवाळताना आईनं सगळ्या गावासमोर सांगून टाकलं की ती बाई नव्हती हे तुझं खरं, पण तिच्यासारखी कोणी बाई नव्हती हे माझं खरं. भाऊजींचा चेहरा लाल झाला होता, पण ते उठून गोठ्याकडे गेले नाहीत.

प्लास्टर महिन्यानं निघालं. डॉक्टर म्हणाले हात उत्तम आहे. आई म्हणाली दुखतो. पुढे जेवढे दिवस ती होती तेवढे दिवस रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी भाऊजी तिला लुगडं नेसवून जायचे, आणि नेसवताना दंडारीतली गाणी म्हणायचे, त्याच वरच्या पट्टीत, खिडकी उघडी ठेवून. खाणीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. कोणीतरी सगळ्यांसमोर विचारलं की काय भाऊ, सासूले लुगडं नेसवता म्हणे. भाऊजी म्हणाले, नेसवतो, तुमच्या सासूचं काही अडलं असन तर सांगा. नंतर कोणी विचारलं नाही. दाढी त्यांनी काढली नाही. आईला ती आवडायला लागली होती, म्हणून ठेवली. पण हे सगळं मिळून चाललं किती, तर जेमतेम दीड वर्ष. तीस वर्षांपैकी दीड. मला त्याचा राग येतो. कोणावर यावा ते कळत नाही. सिनेमावर येत नाही, भाऊजींवर तर नाहीच. बसमधली ती पोरं आता म्हातारी झाली असतील, त्यांना आठवतही नसेल.

आई गेली ती झोपेतच, फार त्रास न होता. माहेरचं शेवटचं लुगडं घेऊन मामा आले. आत बायकांनी आंघोळ घातली, पण लुगडं कोणाला नेसवता येईना. ताई दारात आली आणि तिनं भाऊजींना हाक मारली. पुरुष माणूस आत कशाला, असं मामा म्हणाले. ताई म्हणाली, तुमच्या बहिणीला दुसऱ्या कोणाच्या हातचं चालायचं नाही. भाऊजी आत गेले. दार लोटलं. बऱ्याच वेळानं ते बाहेर आले, पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडायला लागले. हुंदके देऊन, नाक ओढत, सगळ्या कॉलनीसमोर, खाणीतल्या माणसांसमोर. मामांना ते पाहवेना. ते जवळ जाऊन हळूच म्हणाले, “जवाईबापू, सावरा. इतक्या सिनेमाचे शौकीन तुमी. हिरो असा रडते का?”

भाऊजींनी मान वर केली. “सासू माही मेली, मामाजी,” ते म्हणाले. “हिरोची नाई मेली.”

 मामांनी आपल्या खांद्यावरचा दुपट्टा भाऊजींच्या हातात दिला आणि स्वतःचे डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी आईचा एकुलता मुलगा, सकाळपासून दात आवळून सगळ्यांना धीर देत फिरत होतो. मी भाऊजींच्या शेजारी पायरीवर जाऊन बसलो, आणि मग मलाही रडता आलं.